बाणाचा ण

मी माझ्या नातीला चाळीस वाक्यं लिहून दिली आणि त्यातली बरीचशी खोटी होती. तिने ती खरी धरली आणि चारचौघांपुढे ठेवली. हे कसं झालं ते सांगते. मी चांगली दिसेन असं यात काही नाही.

आम्ही विरारला पूर्वेला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा, सून, नात आणि मी. नात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कॉम्प्युटरची. माझी थोरली बहीण चांदीपला असते. तिथे दिली तेव्हापासून ती भात लावते आणि कापते. आता कंबर वाकत नाही म्हणून बांधावर उभी राहून दुसऱ्यांना वाकायला सांगते. ती शाळेत कधी गेली नाही. मी चौथीपर्यंत गेले आणि पुढे बालवाडीत मदतनीस म्हणून लागले. आम्हा दोघींत फरक एवढाच, पण मी तो वाढवून ठेवला होता.

गेल्या वर्षी आवणी उरकली, म्हणजे भाताची रोपं लावून झाली, तेव्हा मी आणि नात चांदीपला गेलो. नातीच्या लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम होता. आपण बोलायचं आणि त्याने ऐकून लिहायचं. ती बहिणीला म्हणाली, "मोठी आजी, काहीतरी बोल. हे लिहून दाखवेल."

"काय बोलू गो? त्याला काय समजतं माझा?"

"तू बोल तर."

बहिणीने पडवीतूनच शेताकडे हात केला. "औंदा पानी चांगला हाय. कोनाची आवनी रायली नाय."

पडद्यावर अक्षरं उमटली. पहिला शब्द ठीक होता. 'पानी' आलं आणि मशीन हिंदीत शिरलं, ते परत आलंच नाही. 'किसी की' काय, 'रह गई' काय. नातीने वाचून दाखवलं तेव्हा बहीण ठसका लागेपर्यंत हसली. "म्हनजे मला हिंदी येते! आनि मला म्हाईतच नाय!"

नातीला हसू आलं नाही. येताना शेअर रिक्षात ती माझ्या कानाशी बोलतच होती. ती म्हणाली, मशीनने 'पानी' ऐकलं आणि हिंदी ठरवून टाकलं, कारण त्याला शिकवणाऱ्यांनी पुण्यामुंबईचं बोलणं ऐकवलंय, चांदीपचं कोणी ऐकवलंच नाही. मी म्हटलं, मग त्या कंपनीला कळव. ती म्हणाली, "कंपनी नाहीये आजी. हा प्रोग्राम कोणाच्या मालकीचा नाही. त्याचा कोड सगळ्यांना उघडा आहे. कोणीही वाचावा, चूक शोधावी, दुरुस्ती लिहून पाठवावी. सांभाळणारे चारपाच जण असतात, ते तपासतात आणि पटलं तर घेतात."

"पावसानंतर नाल्यावर बंधारा घालायला सगळे जायचे, तसं?"

"तसंच. फक्त दगड वाकडा लावलास तर कोणीतरी तो काढायला लावतो, आणि काढायला लावला हे सगळ्यांना दिसतं."

मला ते आवडलं होतं. वाकडा दगड मीच लावणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक.

तिने दुरुस्ती लिहायला घेतली. मशीन कोणती भाषा आहे ते ज्या भागात ठरवतं तो भाग तिला बदलायचा होता, म्हणजे एका 'न'वरून ते हिंदीत पळणार नाही. पण नुसती दुरुस्ती पाठवून चालत नाही. सोबत नमुने द्यावे लागतात. माणसाचा आवाज, आणि त्या आवाजात जे आहे ते शेजारी लिहिलेलं. मशीनने लिहिलेलं त्याच्याशी ताडून पाहतात. ती मला म्हणाली, "मोठी आजी बोलेल आणि तू लिहिशील? मला तिचं निम्मं कळत नाही. पण बोलली तसंच लिहायचं हं. एक अक्षर इकडेतिकडे नको. मशीन लिहिणाऱ्याला कधी विचारत नाही, लिहिलं ते खरं मानतं."

चौथी पास बाईला कॉलेजातल्या मुलीने लिहायचं काम द्यावं, याचं मला अप्रूप वाटलं. सुनेला दोनदा ऐकवलं. नवी वही आणायला लावली.

रेकॉर्डिंगसाठी पुन्हा चांदीपला गेलो. नातीने फोन पाटावर ठेवला, आणि तिने बटण दाबायच्या आधी मी बहिणीला म्हटलं, "बाय, जरा नीट बोल हं."

"नीट म्हनजे कसा? आता काय वाकडा बोलते का मी?"

"म्हणजे शुद्ध. हे खूप लोक ऐकणार आहेत."

"मग त्यांना बोलाव नि तूच बोल, मास्तरीन!"

मास्तरीण हे तिने मला ठेवलेलं जुनं नाव आहे. बोलताना ती ते 'न'नेच बोलते, त्यामुळे ते जास्त लागतं. नातीने मला गप्प केलं. "आजी, तू काही सांगू नकोस. तिला तिच्यासारखं बोलू दे." बहीण तिच्यासारखं बोलली. राब, म्हणजे भाताची रोपं उगवायची जागा, कसा भाजायचा, रोप कधी उपटायचं, खेकड्याने बांध फोडला की काय करायचं. पाठीमागे कोंबडा ओरडत होता. चाळीस वाक्यं झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसले. नातीने कानात बोंडं घालून दिली आणि पुन्हा पुन्हा कुठे दाबायचं ते दाखवलं. बहिणीचा आवाज थेट डोक्यात आला. "आवनीला पानी कमी पडला का रोपा पिकत नाय." मी पेन टेकवलं आणि लिहिलं, 'आवणीला पाणी कमी पडलं की रोपं पिकत नाहीत.'

मी चुकून लिहिलं नाही. 'पानी' ऐकलं, 'पानी' लिहायचं आहे हे मला माहीत होतं, आणि हात 'न' काढेना.

आमच्या शाळेत बाई होत्या. माठ त्यांच्या टेबलामागे असायचा. मी पहिलीत उठून विचारलं, "बाई, पानी पिऊ?" बाई म्हणाल्या, "काय पिऊ?" मी म्हटलं, "पानी." बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पानी नाही. पाणी आहे." वर्ग हसला. हे रोज. जीभ वळायला मला दोन महिने लागले. तोवर मी शाळेत पाणी प्यायलेच नाही, घरी जाताना वाटेतल्या विहिरीवर प्यायचे. बाई मारत नव्हत्या हे सांगायला हवं. त्यांना वाटायचं त्या माझं भलं करताहेत, आणि मलाही तेच वाटायचं. मी बालवाडीत लागले तेव्हा माठ माझ्याकडे आला. न नळाचा, ण बाणाचा, असं मुलांकडून घोकून घ्यायचे. एकदा एक पोरगी म्हणाली, "मावशी, पानी नळाला येतं, मग बाणाचा ण का?" मी तिला कोपऱ्यात उभी केली. तिला नंतर तरी पाणी दिलं का, ते आठवत नाही.

तर हात तसा तयार झालेला. पहिल्या पाचसहा वाक्यांनंतर मी थांबायला हवं होतं. उलट मला ते बरं वाटू लागलं. बहिणीचं धुतलेलं बोलणं वहीत छान दिसत होतं. 'कोन'चं 'कोण' केलं, 'लोनी'चं 'लोणी', 'झाला'चं 'झालं'. परक्या लोकांनी वाचावं असं झालं. कोणी म्हणणार नाही की हिची बहीण अडाणी आहे.

मग एक वाक्य आलं. "रोप जून झाला का आवनी फुकट." रोप फार दिवस राबात राहिलं की राठ होतं, मग ते लावून उपयोग नाही. हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता, पण लिहिला कधी नव्हता. आमच्या चार पुस्तकांत तो नव्हता. मी विचार केला की जून महिना 'न'चा. आता रोपाचा जून हा महिन्याचा जून नाही, तो आमच्या गावचा आहे. आमच्या गावच्या 'न'चा बाहेर 'ण' होतो. म्हणून हा जूण. मी लिहिलं 'रोप जूण झालं की आवणी फुकट', आणि त्या 'ण'चं पोट चांगलं गोल काढलं.

आज ते लिहिताना माझे कान तापतात. जून हा साधा मराठी शब्द आहे. जून भेंडी, जून काकडी, भाजीवाल्याकडे रोज म्हणतात, मी स्वतः म्हणते. पण भेंडीचा जून आणि रोपाचा जून एकच हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण एक मी विरारला शिकले आणि दुसरा बहिणीच्या तोंडचा होता. तिच्या तोंडचं काही बरोबर असू शकतं हेच मी धरलं नव्हतं.

नातीने वही बघून सगळं टाइप केलं. मग तिचा त्रास सुरू झाला.

तिने दुरुस्ती केली होती आणि ती चालत होती. मशीन आता बहिणीचं ऐकून 'पानी' लिहीत होतं, हिंदीत पळत नव्हतं. पण ताडायला माझं 'पाणी' होतं. मशीनचं बरोबर यायचं आणि माझ्या कागदाने ते चूक ठरायचं. अर्ध्याहून जास्त ओळी लाल. ती कॉलेजातून आली की चपला काढायच्या आधी लॅपटॉप उघडायची, कोडमध्ये काही बदलायची, पुन्हा लाल. जेवायला बोलावलं की "दोन मिनिटं" म्हणायची आणि भात गार व्हायचा. असे तीन आठवडे गेले.

एका रविवारी ती माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, एक खरं सांग. मोठी आजी 'पानी' म्हणते की 'पाणी'?"

मी डाळ निवडत होते. म्हटलं, "पाणी."

"मला 'पानी' ऐकू येतंय."

"तुझा कान हिंदीने बिघडलाय. तुम्ही मुलं आपसात पानी-पानीच करता."

हे खरंही आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी अर्धं हिंदीच बोलतात. म्हणूनच तिला पटलं. तिने मान हलवली, "हो ना, माझा कान काय भरवशाचा नाही," असं म्हणाली आणि आत गेली. डाळीतला एक खडा मी दोनदा काढला, दोनदा परत टाकला. पण उठले नाही.

त्या दिवशी तिने स्वतःवरचा भरवसा काढून घेतला आणि माझ्यावर ठेवला. कोडमध्ये आणखी एक तुकडा लिहिला. त्या तुकड्याचं काम एवढंच, की अशा शब्दांत 'न' आला तर तो 'ण' करायचा, 'झाला'चं 'झालं', सगळं माझ्या वहीसारखं. लगेच सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. ती उड्या मारत स्वयंपाकघरात आली. मोठ्या आजीचं बोलणं मशीनला कळावं म्हणून तिने काम सुरू केलं होतं. आता त्या मशीनमध्ये तिने माझ्या बाईंना बसवलं होतं, माठासकट. आणि तिला ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

तिने दुरुस्ती पाठवली. तपासणाऱ्यांपैकी एकजण मराठी होता. तो बाहेरदेशी राहतो, आईकडून कोकणातला. नाव लावत नाही, नावाच्या जागी मांजराचं चित्र आहे, म्हणून घरात आम्ही त्याला मांजरवाला म्हणू लागलो. त्याने पहिल्याच दिवशी अंगठ्याचं चित्र लावलं. मला वाटलं, ओळखलं, मला अंगठेबहाद्दर म्हणतोय. नात म्हणाली, "अगं, अंगठा म्हणजे छान!"

मग त्याने विचारलं, 'जूण' हा शब्द काय आहे. मी कधी ऐकला नाही. बोलीतला आहे का?

नातीने मला विचारलं. मी म्हटलं, "रोप राठ झालं की म्हणतात." यात खोटं काही नव्हतं, पण जे सांगायचं ते गाळलं होतं. तिने त्याला लिहिलं, की हो, आमच्या बोलीतला शब्द आहे. त्याला आनंद झाला. असे शब्द हरवू नयेत, तुम्ही तो यादीतही घाला, असं म्हणाला. तिथे बोलीतल्या शब्दांची एक वेगळी यादी आहे. तिने घातला. जगात कोणी कधी न बोललेला शब्द, माझ्या भीतीतून निघालेला, वसई भागातला शब्द म्हणून यादीत गेला.

आठवड्याने मांजरवाल्याने पुन्हा लिहिलं. तो माणूस चिवट. त्याने सगळी रेकॉर्डिंगं बसून ऐकली होती. त्याने आपल्या आईला फोन करून विचारलं होतं, आणि आई म्हणाली होती, आम्ही तर जूनच म्हणतो. त्याने लिहिलं होतं, की मला आवाजात जागोजागी 'न' ऐकू येतो आणि कागदावर 'ण' दिसतो. लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलंय, की सुधारून?

नातीला राग आला. मी वाल सोलत होते. ती माझ्यासमोर उभी राहून आपण काय उत्तर दिलं ते वाचून दाखवू लागली. "ऐक. 'माझी आजी त्याच भागातली आहे. तिने स्वतःच्या कानाने ऐकून लिहिलं आहे. ती तीच बोली बोलत मोठी झाली. या बाबतीत तिच्यापेक्षा मला किंवा तुम्हाला जास्त कळणार नाही.' बरोबर लिहिलं ना?"

मी वाल सोलत्या बोटांनीच पदर ओढला आणि म्हटलं, "हं."

तीन दिवस मी गप्प राहिले. मी स्वतःला सांगून पाहिलं, की एका अक्षराने काय होतं. मशीनला काय फरक पडतो. बहिणीला वाचता येत नाही. पण पोरीने मला साक्षीला उभं केलं होतं, तेही परक्या माणसापुढे, लेखी. मांजरवाला गप्प झाला होता. त्याचं गप्प बसणं मला बाईंच्या हसण्यापेक्षा वाईट वाटत होतं. त्याने तिचं ऐकलं होतं. उद्या ते घेतलं जाणार.

चौथ्या दिवशी ती कॉलेजातून आली. मी वही घेऊन तिच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सांगितलं, "हे खोटं आहे. ती 'पानी' म्हणते. सगळीकडे 'न' आहे. मी 'ण' केले."

तिला आधी कळलंच नाही. "म्हणजे चुकून?"

"नाही. मुद्दाम."

"मी तुला विचारलं होतं, आजी. त्या रविवारी. सरळ विचारलं होतं."

"हो."

"आणि जूण?"

"ते माझं मीच काढलं. जून आहे ते. भेंडी जून होते तसं."

ती खुर्चीत बसली. ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं, मला ते येतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तीन आठवडे मी माझाच कोड चुकीचा समजत होते. तो पहिल्याच दिवशी बरोबर होता." आणि मग, "तुला मोठ्या आजीची लाज वाटते?"

मी म्हटलं, "तिची नाही." ती बघत राहिली. मग म्हटलं, "हो. तिचीच."



संध्याकाळी नातीने मांजरवाल्याला लिहिलं आणि मला वाचून दाखवलं नाही. मीच मागून वाचलं. तिने लिहिलं होतं, नमुने लिहिताना माझी चूक झाली, मी परत पाठवते. मी म्हटलं, "तुझी कुठे झाली? खोड ते."

"आजी, जाऊ दे. लोक वाचतात तिथे."

"म्हणूनच खोड. लिही, ज्या बाईने ऐकून लिहिलं तिला 'न'ची लाज वाटते, म्हणून तिने मुद्दाम बदललं. ती बाई माझी आजी."

तिने पुष्कळ वेळ कुरकुर केली. शेवटी लिहिलं, पण थोडं मऊ करून. पहिलं लिहिलेलं पुसून टाक म्हटलं तर म्हणाली, इथे काही पुसलं जात नाही, बदललं तरी आधीचं काय होतं ते मागे दिसत राहतं. यादीतला 'जूण' तिने काढला. तोही तसाच, लाल ओळीत वजाच्या चिन्हापुढे उभा आहे, कोणी शोधला तर सापडेल. मांजरवाल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. एवढंच म्हणाला, की पुन्हा लिहा, आणि या वेळी शक्य असेल तर जी बोलली तिच्याकडूनच तपासून घ्या.

बहिणीला वाचता येत नाही. म्हणजे मी लिहिलेलं मीच तिला मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि तिने हो किंवा नाही म्हणायचं. आम्ही चांदीपला गेलो. भात पोटरीला आला होता, कणसं बाहेर पडायची होती. नातीने तिला कारण सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, की लिहिलेलं तपासायचंय. एक रेकॉर्डिंग कोंबड्यामुळे वाया गेलं होतं, ते एक वाक्य नवीन घ्यायचं होतं, म्हणून फोन चालू करून पाटावर ठेवला.

मी नवीन वही उघडली. या वेळी 'न' लिहिले होते, हात दामटून, पण लिहिले होते. वाचायला तोंड उघडलं तर, "आवणीला पाणी..."

"मी असा नाय बोलले," बहीण म्हणाली.

पुन्हा वाचलं. पुन्हा 'ण' आला. डोळ्यांसमोर 'न' होता आणि जीभ आपली वर जाऊन टाळूला लागत होती. साठ वर्षांवर झाली तिला तशी वळवून. तिसऱ्यांदा मी शब्द तोडून म्हटला. "पा. नी."

बहीण हसली. "तान्ही पोर बोलते तशी बोलतेस गो! पानी. बोल. पानी."

"पानी," मी म्हटलं.

"हां. पुढं."

अशी आम्ही दहाबारा वाक्यं केली. मग 'रोप जून झाला' हे वाक्य आलं, आणि मी तिथे अडखळले, आणि बहीण म्हणाली, "पन आधी लिवला व्हता ना? मग परत कशाला? आधी काय लिवला व्हता?"

नातीने माझ्याकडे पाहिलं. जुनी वही माझ्या पिशवीत होती. मी ती काढली आणि वाचली, सुरुवातीपासून, थांबले नाही. बहिणीच्या तोंडची वाक्यं, धुतलेली, एकामागून एक. ती ऐकत राहिली. सातआठ झाल्यावर म्हणाली, "ही कोन बाई?"

"तूच. मी तुला असं लिहिलं होतं."

"का?"

"लाज वाटली."

मला वाटलं ती मास्तरीन म्हणेल. तिने पायावरची माशी उडवली आणि शेताकडे बघत बोलली, "मी बालवाडीत आलते एकदा. वालाच्या शेंगा घेऊन. दारात उभी रायले तं तुझ्या बाईनी इचारला, कोन हाय? तू बोललीस, कोन नाय, वळखीची हाय."

मला ते आठवत होतं. तिने ऐकलं असेल हे माहीत नव्हतं. मी तेव्हा तिच्या हातून शेंगा घेतल्या होत्या, तिला आत बोलावलं नव्हतं आणि बालवाडीच्या बाईंना त्यातल्या निम्म्या दिल्या होत्या. तिने नंतर कधी तो विषय काढला नाही. दर वर्षी शेंगा मात्र आल्या, कोणाच्या तरी हाती, ती स्वतः कधी आली नाही. मी समजत होते, शेतीमुळे तिला सवड होत नसेल.

मी म्हटलं, "बाय, मी बोलले तसं."

"म्हाईत हाय तू बोललीस. मी आयकला ना."

मग नात अवघडून म्हणाली, "मोठी आजी, फोन चालू राहिला. हे सगळं रेकॉर्ड झालं. पुसते हां मी."

"कशाला पुसतेस? तुला एक कमी व्हता ना?"

"पण हे घरातलं आहे. लोक ऐकतील."

"आयकू दे. खोटा हाय का?" ती मला म्हणाली, "खोटा हाय का गो?"

"नाही," मी म्हटलं.

"मग लिव."

मी तिथेच पडवीत बसून कानात बोंडं घातली आणि ते ऐकलं. तीनदा ऐकलं, एक अक्षर इकडेतिकडे नको म्हणून. दारात उभी रायले तं तुझ्या बाईनी इचारला, कोन हाय. तू बोललीस, कोन नाय, वळखीची हाय. लिहून तिला वाचून दाखवलं. तिने एका ठिकाणी अडवलं, कारण मी 'विचारला' वाचलं होतं. मी 'इचारला' केलं. ती म्हणाली, "हां, आता माझा हाय." आणि चहा ठेवायला आत गेली.

नातीने 'न'चा 'ण' करणारा तुकडा काढून टाकला आणि सगळं नव्याने पाठवलं. चाळिसावं वाक्य ते आहे. मांजरवाल्याने एकेक वाक्य आवाजाशी लावून पाहिलं आणि पुढे खूण करत गेला. चाळिसाव्याला त्याने एकच विचारलं, की 'तं' वर अनुस्वार आहे ना. नातीने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा बोंडं घालून ऐकलं आणि सांगितलं, आहे. त्याने खूण केली.